मक्त्यातलं नाव

गझल ऐकणाऱ्यांना शेवटचा शेर जवळ आला हे सांगावं लागत नाही. शायर जरासा थांबतो, ‘मक्ता अर्ज है’ म्हणतो आणि मागच्या रांगेत चहा वाटणारा पोरगाही हातातली किटली खाली ठेवतो. इतका वेळ प्रेमाच्या, विरहाच्या, काळाच्या गोष्टी करणारा माणूस आता स्वतःचं नाव घेणार असतो. दोन ओळींत ते नाव कुठे बसणार, कुणाला उद्देशून येणार, त्यात हसू असेल की कण्हणं, याची सगळ्यांना उत्सुकता असते. दाद पुष्कळदा त्या नावालाच मिळते.

मराठी वाचकांसाठी थोडा खुलासा. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात आणि शेवटच्याला मक्ता. मक्ता म्हणजे जिथे गझल तोडली, थांबवली ती जागा. जकातीचा किंवा बाजाराचा ‘मक्ता’ घेणारा मराठीतला मक्तेदारही त्याच अरबी कुळातला आहे. मक्त्यात शायर जे टोपणनाव गुंफतो त्याला तखल्लुस म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी सुटका होणं, शुद्ध होणं असा अर्थ आहे. मराठीतले ‘खलास’, ‘निखालस’ आणि वर वापरलेला ‘खुलासा’ हे तिन्ही शब्द त्याच धातूतून इकडे आले. उर्दू येत नाही असं सांगणारा मराठी माणूस दिवसभरात किती वेळा उर्दूच्या आतेभावंडांना हाक मारतो, याची मोजदाद एकदा कुणीतरी करायला हवी.

मुद्दा असा, की हे कवितेतलं नाव घरच्यांनी ठेवलेलं नसतं. जात सांगणारं आडनाव त्यात नसतं, बापाचं नाव नसतं. रघुपती सहाय नावाचा गोरखपूरचा माणूस ‘फिराक’ होतो, आग्र्यात जन्मलेला असदुल्ला बेग ‘गालिब’ होतो. नुसतं ‘फिराक’ ऐकून हा माणूस कोणत्या धर्माचा, हे कुणालाही सांगता येत नाही. माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो, याला उर्दू कवितेनं शेकडो वर्षं एक राखीव जागा ठेवली.

आज ‘स्वतःवर प्रेम करा’, ‘जसे आहात तसे स्वतःला स्वीकारा’ अशी वाक्यं चहाच्या कपांवर छापून येतात. कॉलेजांतल्या काव्यवाचनात दर तिसरी कविता ‘मी कुणासारखी नाही, मी माझ्यासारखी’ अशा थाटाची असते. त्यात वाईट काहीच नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ते म्हणावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्यातल्या बहुतेक कविता फसतात, कारण त्यांत ‘मी’ खूप असतो आणि तो कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. स्वतःचं कौतुक करणं सोपं. स्वतःची खरी हकीकत सांगून वर नाव घालणं अवघड, आणि जुने कवी हे अवघड काम करत होते.

गालिबचंच बघा. आधी तो ‘असद’ नावानं लिहायचा. त्याच नावाच्या दुसऱ्या एका शायराचा सुमार शेर कुणीतरी त्याच्यासमोर त्याचाच समजून वाखाणला, म्हणून त्यानं नाव बदललं, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, ‘गालिब’ म्हणजे वरचढ, जिंकणारा. असं नाव घेणाऱ्या माणसाचं आयुष्य मात्र हरण्यात गेलं. पेन्शनसाठी कोलकात्यापर्यंत चकरा, डोक्यावर कर्ज, 1847 साली जुगाराच्या गुन्ह्यात तुरुंग, आणि एकही मूल जगलं नाही. त्याच्या मक्त्यांत हा ‘वरचढ’ माणूस स्वतःचीच फिरकी घेताना सापडतो. पिण्याची सवय, उधारी, लोकांतली बदनामी सगळं तिथे नावानिशी हजर असतं. रोजे न धरण्यावरूनही त्यानं केलेली थट्टा उर्दू वाचक रमजानात आजही एकमेकांना ऐकवतात, रोजेदारसुद्धा. आपले दोष त्यानं झाकले नाहीत आणि त्यांचा झेंडाही केला नाही.

हीच रीत मराठीत अभंगाच्या शेवटच्या चरणात आहे. तुकोबा, नामदेव, चोखोबा सगळे आपलं नाव घालून अभंग संपवतात. मराठीचे अभ्यासक त्याला नाममुद्रा म्हणतात. कबीर आणि मीरा यांनीही तेच केलं. कोणी कोणाकडून घेतलं हा वाद विद्वानांनी घालावा. या देशातल्या माणसाला कवितेच्या शेवटी सही करावीशी वाटते, एवढं पुरेसं आहे.

त्या सह्या नीट वाचल्या तर अंगावर येतात. गंगाखेडहून आलेली, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणते. चोखामेळ्यांची पत्नी सोयराबाई सहीत स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. ज्या शब्दामुळे तिला देवळाच्या पायरीवर रोखलं जात होतं, तोच शब्द तिनं विठ्ठलाला उद्देशून केलेल्या अभंगात आणून ठेवला. ही लाचारी आहे का? वरवर वाचणाऱ्याला तशी वाटते. पण जे नाव दुसऱ्यानं शिवीसारखं फेकलं ते उचलून आपल्या हातानं कवितेत ठेवलं, की ते फेकणाऱ्याच्या हातात उरत नाही. सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. सोयराबाईला अडवणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत, तिचं आहे.

इथे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांकडे यावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या सतराव्या शतकातल्या संतकवीचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासक्रमात कधीमधी डोकावतो. बाकी त्यांचं नाव ‘मुसलमान संत’ या एका ओळीत आटोपलं जातं. त्यांचा एक अभंग मात्र अनेकांच्या कानांवरून गेलेला असतो. त्यात ते केतकीची काटेरी झुडपं दाखवतात आणि आतला केवडा दाखवतात. फणसाचे काटे आणि आतले गरे, नारळाची कवटी आणि आतलं पाणी. अशी एकेक फळं-फुलं हातात घेऊन झाली की शेवटी स्वतःचं नाव घेतात आणि त्याला ‘अविंध’ हे विशेषण लावतात. अविंध म्हणजे कान न टोचलेला, त्या काळच्या बोलीत मुसलमान. या शब्दात थोडा हिणवण्याचा सूर होता. तो घेऊन ते म्हणतात, की याच्या हृदयात गोविंद आहे.

हा अभंग एकात्मतेच्या कार्यक्रमांत हमखास वापरला जातो. पण तो तिथे ज्या पद्धतीनं वापरतात त्यात त्याचं मर्म निसटतं. ‘बघा, मुसलमान असूनही विठ्ठलाचा भक्त’ असा त्याचा अर्थ लावला जातो. हा ‘असूनही’ शेख महंमदांचा नाही, तो निवेदकाच्या पदरचा आहे. फणसाला काटे ‘असूनही’ तो गोड, असं ते म्हणत नाहीत. काटे आणि गरे मिळून फणस होतो. काटे काढून टाकलेला फणस कुणी पाहिला आहे? अविंधपणा सोडून देतो म्हणजे मला आत घ्या, अशी विनवणी त्या अभंगात कुठेच नाही. मी हा असा आहे आणि माझ्या आत हे आहे, एवढंच सांगून ते थांबतात. स्वतःला स्वीकारण्याची इतकी स्वच्छ मराठी कविता दुसरी शोधावी लागेल.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी, कारण त्यांच्यासाठी नाव घालणं हाच मोठा पेच होता. औरंगजेबाची थोरली मुलगी जेबुन्निसा दौलताबादेत जन्मली, म्हणजे याच मातीतली. ती फारसीत ज्या नावानं कविता लिहीत असे असं मानतात ते नाव होतं ‘मख्फी’. त्याचा अर्थ लपलेली. तिच्या नावावर छापलेल्या दिवाणातल्या किती कविता खरोखर तिच्या यावर वाद आहे, पण ज्या कुणी ते नाव घेतलं त्या व्यक्तीनं एक विलक्षण गोष्ट केली. दिसायचं नाही हेच आपलं नाव केलं.

पुढे 1894 साली अलीगढकडच्या एका खानदानी घरात जाहिदा खातून शेरवानी जन्मल्या. उर्दूत त्या राजकारणावर, स्त्रियांच्या शिक्षणावर ताकदीच्या कविता लिहीत. त्यांची सही होती फक्त तीन अक्षरांची, ‘जे-खे-शीन’. शरीफ घरातल्या मुलीचं नाव मासिकात छापून येणं तेव्हा चालत नसे. कविता छापलेली चाले, तिच्याखाली नाव चालत नसे. 1922 साली, वयाच्या तिशीच्या आतच त्या गेल्या. उर्दूच्या इतिहासात त्या अजूनही त्या तीन अक्षरांनीच ओळखल्या जातात.

आणि मग 1976 साली परवीन शाकिर यांचा ‘खुशबू’ हा संग्रह येतो. कवयित्रीचं वय चोवीसच्या आसपास. त्यातली क्रांती कळायला उर्दू गझलेचं व्याकरण ठाऊक हवं. गझलेत बोलणारा पुरुष असतो, एवढंच नाही, तर जिच्याविषयी बोलायचं तिच्यासाठीही पुल्लिंगी क्रियापद वापरायची प्रथा आहे. ही प्रथा इतकी मुरलेली, की पिढ्यान्‌पिढ्या कवयित्रीसुद्धा गझल लिहिताना ‘मी गेलो, मी पाहिलं, मी रडलो’ असंच लिहीत आल्या. परवीन शाकिर यांनी गझलेत ‘मी गेले’ लिहिलं. क्रियापदाचा शेवटचा स्वर बदलला. त्याआधी स्त्रीच्या तोंडून बोलणारी ‘रेख्ती’ दख्खनमध्ये होती; विजापूरच्या हाशमीनं ती लिहिली. पण लिहिणारे पुरुष होते आणि बहुतेक जागी सूर गंमतीचा होता. इथे एक मुलगी स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या लिंगात, गंमत न करता बोलत होती. मुशायऱ्यातल्या बुजुर्गांना ते आधी खटकलं. आज तिच्या ओळी मुलींच्या वहीत असतात.

मराठीत क्रियापद माणसाचं लिंग लपू देत नाही. तरीही गझल लिहू लागलेल्या मुलींच्या वहीत ‘मी निघालो’, ‘मी हरलो’ अजून दिसतं. विचारलं तर सांगतात, गझलेत तसंच असतं ना. नाही, तसंच असलं पाहिजे असं नाही. वृत्तात ‘निघालो’ आणि ‘निघाले’ यांची मात्रा सारखीच भरते, हे तरी या मुलींना कुणीतरी सांगायला हवं.

रमजानच्या निमित्तानं इक्बालच्या ‘खुदी’चा उल्लेख टाळता येणार नाही. 1915 साली इक्बालनं ‘असरार-ए-खुदी’ हे फारसी दीर्घकाव्य छापलं आणि मोठा गदारोळ झाला. तोवर खुदी म्हणजे मीपणा, घमेंड. सूफी परंपरेत पुसून टाकायची गोष्ट. इक्बालनं तो शब्द उलटा केला. खुदी जपायची, घडवायची, वाढवायची गोष्ट झाली. दिल्लीचे ख्वाजा हसन निजामी यांच्यासारखे लोक नाराज झाले. हाफिजवर केलेली टीका तर इक्बालला पुढच्या आवृत्तीत काढून टाकावी लागली. मराठीत खुदीला शब्द शोधताना भाषांतरकार आजही अडखळतो. ‘अहंकार’ म्हणावं तर जुना अर्थ येतो, ‘अस्मिता’ म्हणावं तर आजच्या राजकारणाचा वास लागतो. ‘स्वत्व’ त्यातल्या त्यात जवळचं.

इक्बालच्या सगळ्याच म्हणण्याशी सहमत व्हायला हवं असं नाही. त्याच्या कवितेतला पराक्रमाचा सूर काहींना जड वाटतो, आणि तो वाटणं रास्तही आहे. पण त्याच्या मांडणीत एक गोष्ट पक्की आहे. स्वत्व जन्माबरोबर तयार मिळत नाही, कष्टानं होतं आणि दुसऱ्यापुढे हात पसरल्यानं झिजतं. त्यानं सांगितलेल्या पायऱ्यांत पहिली नियम पाळण्याची आणि दुसरी स्वतःला आवरण्याची. त्या दुसऱ्या पायरीत रोज्याचाही उल्लेख येतो, आणि तो उगाच नाही. नमाज दिसते, हज दिसते, जकात घेणाऱ्याला तरी कळते. रोजा दिसत नाही. बंद खोलीत ग्लासभर पाणी प्यालं तर जगात कुणाला पत्ता लागणार नाही. दिवसभर माणूस फक्त स्वतःच्या आणि अल्लाहच्या समोर असतो. शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत एतिकाफला बसणारे तर या एकांतासाठीच दुकान-घर सोडून येतात. ‘मी कोण’ हा प्रश्न लोकांच्या नजरा बाजूला झाल्याशिवाय नीट विचारता येत नाही, हे गझल लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आता प्रश्न आपल्या गावांचा. तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात एखादी मुस्लिम मुलगी चांगली मराठी कविता लिहिते. घरी उर्दू किंवा दख्खनी, गल्लीत सरमिसळ, शाळा मराठी. व्यासपीठावरून उतरली की पहिली दाद येते, ‘किती शुद्ध मराठी बोलतेस गं तू!’ दाद देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण चौथ्या-पाचव्या पिढीपासून याच गावात राहणाऱ्या मुलीला आपण पाहुणी असल्याचं त्या एका वाक्यात कळतं. घरी परतल्यावर एखादी खाला म्हणते, ‘बेटा, उर्दू तो छूट ही गई तेरी.’ तिथेही खोट नसते. मुलगी दोन्हीकडे अर्धी ठरते.

तिच्या कवितेचा विषयही आधीच ठरलेला असतो. स्नेहसंमेलनात तिच्याकडून बंधुभावाची कविता हवी असते. दोन धर्म, एक रक्त, चंद्र तोच आणि सूर्य तोच. तिला खरं तर गणिताच्या पेपराची भीती लिहायची असते, किंवा एसटीत खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद, किंवा आईच्या दम्याची रात्र. अशा कवितेला ‘छान आहे, पण तुझ्या अनुभवाचं काही लिही’ असं उत्तर मिळतं. जणू दमा हा तिचा अनुभव नव्हे. मुस्लिम लेखकाची आठवण वर्तमानपत्रांना रमजानात आणि ईदला येते; हे पानही त्याला अपवाद नाही. वर्षाचे उरलेले अकरा महिने तो पावसावर आणि क्रिकेटवर लिहू शकतो, हे संपादकांना सुचायला हवं.

1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ‘मुस्लिम मराठी’ या नावाची गरज होती. त्याशिवाय हे लेखक कुणाला दिसत नव्हते. त्या नावानं अनेकांना उभं राहायला जागा दिली, हे ऋण मान्य करायला हवं. पण प्रत्येकानं त्या खणात बसलंच पाहिजे असा हट्ट झाला की तेच नाव जाच होतं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ‘अमर शेख’ झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या डफावर पेटल्या. त्या नावात ‘शेख’ होतं, आणि त्यांनी कामगारांचं गायलं. त्यांना कुणी नुसता मुस्लिम शाहीर म्हणत नाही. त्यांची मुलगी मलिका अमर शेख यांच्या कवितेत प्रेम, शहर, बाईचं शरीर आणि संताप सगळं येतं. त्यांना कुठल्या खणात ठेवायचं हे समीक्षकांना अजून नीटसं ठरवता आलेलं नाही, आणि ते बरंच आहे.

मराठी गझलेनं मात्र उर्दूकडून येताना एक गोष्ट वाटेत ठेवली. फारसीचे प्राध्यापक आणि फारसी-मराठी कोशाचे कर्ते माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजली’तून ती मराठीत रुजवली, सुरेश भटांनी ‘एल्गार’सारख्या संग्रहांतून घराघरात नेली, तखल्लुस मात्र फारसा रुजला नाही. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार (1946–2021) शेवटच्या शेरात ‘इलाही’ घालत. कोकणातले बदीउज्जमा खावर उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे गझल लिहीत. बाकी बहुतेक मराठी गझला नावाशिवाय संपतात. नावाचा आग्रह धरायची सक्ती नाही. पण नवशिक्याला मक्ता लिहायला लावला की एक गोष्ट हमखास होते. तोवर ‘जग’, ‘दुनिया’, ‘नशीब’ असे मोठमोठे शब्द फेकणारा पोरगा एकदम गोंधळतो. आपलं नाव घालून खोटं बोलायचं कसं, हे त्याला कळत नाही.

ईदनंतर अनेक गावांत मुशायरे होतात. मंडप, निमंत्रित शायर, पहाटेपर्यंत दाद, सगळं ठरलेलं असतं. आयोजकांनी यंदा त्यात अर्धा तास गावातल्या मुलामुलींना द्यावा, भाषा त्यांनी निवडावी आणि विषयाची चिठ्ठी हातात देऊ नये. अट एकच असावी, शेवटच्या शेरात स्वतःचं नाव हवं, घरचं किंवा स्वतः घेतलेलं. ते मात्रेत बसत नसेल तर वृत्त बदलावं, नाव नाही.